बुलेटला वाटाड्या

खडकीतल्या गॅरेजात ‘जुन्या गाडीला जीपीएस लावायचाय’ असं म्हटलं की मिस्त्री आधी सीटकडे बघतो. बहुतेक गिऱ्हाइकांना जीपीएस म्हणजे ट्रॅकर हवा असतो. छोटीशी डबी, आत सिमकार्ड, गाडी कुणी ढकलत नेली तर मालकाच्या मोबाइलवर खबर. ती सीटखाली किंवा टाकीखाली दडवायची असते. लांबच्या दौऱ्याला निघणाऱ्याला हवा असतो वाटाड्या, आणि तो बसतो हँडलवर, ऊनपाऊस खात, डोळ्यांसमोर. दोन्ही यंत्रं उपग्रहांचंच ऐकतात, पण ट्रॅकर ऐकलेलं दुसऱ्याला कळवत राहतो आणि त्यासाठी रात्रंदिवस बॅटरी खातो. उभ्या गाडीत तो 40 मिलीअँपिअर घेत असेल असं धरलं, तर दिवसाला जवळपास 1 अँपिअर-तास गेला. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हे जाणवतही नाही. महिन्यातून एकदोनदाच बाहेर पडणाऱ्या जुन्या बुलेटची 14 अँपिअर-तासांची बॅटरी मात्र पंधरवड्यात आडवी होते. तेव्हा चोरीची भीती फारच असेल तर चाकाला जाड साखळी घाला. आपण इथं बोलतोय ते वाटाड्याबद्दल.

असल्या कामाला खडकीइतकी योग्य जागा पुण्यात दुसरी नाही, असं माझं पक्षपाती मत आहे. 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय, रणगाडे आणि चिलखती गाड्या सांभाळणारा डेपो, 512 आर्मी बेस वर्कशॉप, आणि मुळा ओलांडली की दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय. लेथवर किंवा वेल्डिंगवर आयुष्य घालवलेला माणूस इथं दर दोन गल्ल्यांत सापडतो. होल्डरसाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हव्या त्या कोनात वाकवून, कडा कानशीने मोडून, भोकं नेमकी पाडून मिळते. वर ‘हे असं कशाला करतोयस’ हा प्रश्नही फुकट मिळतो, आणि तो बहुधा रास्त असतो.

दौऱ्याच्या जुन्या गाड्यांची आपल्याकडे मुख्यतः दोन घराणी. एक 1955 पासून मद्रासेत जुळू लागलेल्या बुलेटचं, दुसरं म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 ते 1996 या काळात बाहेर पडलेल्या जावा-येझदीचं. आकुर्डीची 2001 ची एलिमिनेटर, 2002 ची थंडरबर्ड, 2003 ची करिझ्मा याही आता वयात आल्या, पण त्या 12 व्होल्टच्या आहेत. त्यांचं दुखणं तासाभरात आटोपतं. खरी गंमत आहे ती 6 व्होल्टच्या गाड्यांत.

मोबाइल असो की स्वतंत्र जीपीएस यंत्र, त्याला लागतात 5 व्होल्ट, आणि स्क्रीन भर उन्हात दिसायची तर 10 वॉटच्या आसपास ताकद. 12 व्होल्टच्या गाडीतून ती काढायची म्हणजे पाऊण-एक अँपिअर. बाजारात मिळणारा यूएसबी चार्जर हे काम निमूट करतो. 6 व्होल्टच्या गाडीत तोच भार दोन अँपिअरपर्यंत जातो. शिवाय हे चार्जर 12 व्होल्ट खाली उतरवण्यासाठी बनलेले असतात. आधीच 6 वर असलेली, हॉर्न दाबला की 5 वर घसरणारी बॅटरी त्यांना चालत नाही. चार्जरचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि मोबाइल दर मिनिटाला ‘चार्जिंग सुरू’ म्हणून कुरकुरतो. इथं व्होल्टेज गरजेप्रमाणे चढवणारा आणि उतरवणारा कन्व्हर्टर लागतो. तो लावला तरी जमाखर्च उरतोच. 35 वॉटचा हेडलाइट 6 व्होल्टवर सहा अँपिअर ओढतो. इंजिन सावकाश फिरत असताना जनरेटर तेवढंही देऊ शकत नाही, त्यात आपण आणखी दोनचा पाहुणा जेवायला बसवतो.

बुलेटवाल्याला हे शिकवावं लागत नाही. हेडलाइटच्या डूमवर, स्पीडोमीटरच्या जोडीला, अँपिअर मीटर असतो. सिग्नलला उभं असताना हेडलाइट लावला की काटा उणेकडे झुकतो, गाडी पळू लागली की अधिककडे येतो. जीपीएस लावण्याआधी आणि लावल्यानंतर हा काटा बघणं, याहून सोपी परीक्षा नाही. पळत्या गाडीतही तो मधल्या रेघेच्या पुढे येईना, तर त्या गाडीला सध्या वाटाड्या झेपत नाही. आधी प्लेटा, रेक्टिफायर, बॅटरी बघा. मीटर नसलेल्या 12 व्होल्टच्या गाडीत मल्टीमीटर बॅटरीला लावून इंजिन तीन हजार फेऱ्यांवर न्यावं; 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की निर्धास्त व्हावं. 16 दिसले तर रेग्युलेटर गेलाय. अशा गाडीला महागडं यंत्र जोडणं म्हणजे ते भट्टीत टाकणं. बॅटरीचं ढिलं टर्मिनलही तितकंच वाईट. खड्ड्यात गाडी आपटली, टर्मिनल क्षणभर सुटलं, की व्होल्टेज उसळतं आणि पहिला घास नाजूक वस्तूचा घेतं.

वायर कुठून घ्यायची, यावरून गॅरेजात दोन पक्ष पडतात. घाईतला कारागीर हेडलाइटच्या वायरीला चिमटा मारतो, कारण ती तिथंच हाताशी असते. पण कितीतरी जुन्या भारतीय गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या कॉइलवरून एसी प्रवाहावर जळतो, बॅटरीशी त्याचा संबंधच नसतो. तिथं लावलेला डीसी चार्जर फार दिवस टिकत नाही. शहाणा कारागीर बॅटरीच्या धन टोकापासून वेगळी वायर ओढतो. टोकापासून वितीच्या आत 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज आणि पुढे रिले. रिलेला इशारा किल्लीनंतर चालू होणाऱ्या एखाद्या वायरीतून. किल्ली काढली की सगळं मेलं पाहिजे. जुन्या गाडीत अख्ख्या वायरिंगला एखादाच फ्यूज असतो; आपल्या वायरीला स्वतःचा नसेल आणि ती कुठं घासून चॅसीला टेकली, तर त्या एका फ्यूजच्या भरवशावर भर घाटात गाडी अंधारात उभी राहते. घासण्याची जागाही ठरलेली आहे, हँडलच्या मानेपाशी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हे बघायचं आणि मगच केबल टाय आवळायचे. उलट क्रमाने करणारे खूप आहेत.

ज्यांच्याकडे खरीखुरी जुनी विलायती गाडी आहे, बीएसए, नॉर्टन किंवा ट्रायम्फ, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. यांतल्या अनेक गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक चॅसीला नसून धन टोक चॅसीला असतं. आजचा कुठलाही चार्जर चॅसी म्हणजे ऋण असं धरून चालतो. त्याचा धातूचा बाहेरचा भाग हँडलला टेकला की शॉर्ट झालाच. तिथं प्लॅस्टिकच्या अंगाचा चार्जर लागतो आणि दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्याव्या लागतात.

विजेचं निस्तरलं की कंपनं. जुन्या साडेतीनशे बुलेटचा एकच सिलिंडर, व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. चार हजार फेऱ्यांवर हा पिस्टन सेकंदाला सदुसष्ट वेळा खालीवर होतो आणि त्याचा प्रत्येक धक्का हँडलपर्यंत येतो. बुलेटप्रेमी याला गाडीचा प्राण मानतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं मत वेगळं आहे. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून आजच्या कॅमेऱ्यांत भिंग चुंबकांवर तरंगतं ठेवलेलं असतं. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींची कंपनं या रचनेला बिघडवू शकतात, असा इशारा अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःहून दिला. रबरी बुशांचा होल्डर वापरला तर धोका कमी होतो, जात नाही. म्हणून रोजचा चांगला मोबाइल बुलेटच्या हँडलवर लावू नये. घरात कपाटात पडलेला जुना मोबाइल काढावा, त्यात नकाशे उतरवून घ्यावेत, आणि कॅमेऱ्याचं काय व्हायचं ते होऊ द्यावं. माझी पसंती यालाच आहे. चुंबकाने चिकटणारे होल्डर दिसायला छान असतात, पण मोबाइलमधल्या होकायंत्राला भुलवतात. गाडी चालत असताना फरक पडत नाही, कारण तेव्हा दिशा बदलत्या स्थानावरून कळते. पण तिठ्यावर थांबलात की बाण गरगर फिरतो, आणि वाटाड्याची गरज नेमकी तिठ्यावरच असते.

ऊन आणि पाऊस तर आहेतच. एप्रिलमध्ये सोलापूर रस्त्यावर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलेला मोबाइल दुपारपर्यंत तापून बंद पडतो. जुलैत ताम्हिणीत पावसाचे थेंब स्क्रीनला बोटांसारखे वाटतात आणि नकाशा आपोआप कोकणातून विदर्भात सरकतो. 2005-06 च्या सुमारास खास मोटरसायकलींसाठी बनलेली यंत्रं, टॉमटॉमची रायडर किंवा गार्मिनची झूमो, या दोन्ही गोष्टींचा विचार करून घडवलेली होती. जाड हातमोजे घालून दाबता येतील अशी बटणं, पाण्याला दाद न देणारं अंग. अमेरिकेतल्या भाच्याने नवं घेतल्यावर जुनं पुण्यात पाठवलेलं असं यंत्र इथल्या काही घरांत आहे. त्यात भारताचा नकाशा नसतो. गार्मिनच्या यंत्रात ओपनस्ट्रीटमॅपचे मोफत नकाशे भरता येतात. एक चमत्कारिक आजार मात्र कायम राहतो.

जीपीएसचं घड्याळ आठवडे मोजतं, 6 जानेवारी 1980 पासून, आणि मूळ रचनेत आकडा 1023 पर्यंतच जातो. पुढच्या आठवड्याला पुन्हा शून्य. हे एकदा 21 ऑगस्ट 1999 ला झालं, पुन्हा 6 एप्रिल 2019 ला. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरला याची समज दिलेली नव्हती, ती त्या दिवशी 1024 आठवडे मागे गेली. अशा यंत्राला 2024 च्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ 18 मार्च 2005 वाटते. त्याच्या लेखी होळी आठवड्यावर आलेली असते. वेळ बरोबर, तारीख चूक. रस्ता दाखवायला अडत नाही, पण उपग्रह शोधायला यंत्र कधी कधी फार वेळ घेतं. तसंही सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक प्रसारणातून पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल हे वेळापत्रक इंटरनेटवरून घेतो म्हणून झटपट उभा राहतो. सहा महिने कपाटात पडलेलं जुनं यंत्र बाहेर काढलं तर त्याला उघड्या मैदानात ठेवावं आणि आपण चहा प्यावा. दोन कप.

इथं एक गैरसमज भेटतोच, अगदी शिकल्यासवरलेल्यांतही: रेंज गेली की जीपीएस गेला. मोबाइलच्या टॉवरशी जीपीएसचा संबंध नाही. साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरचे किमान चार उपग्रह दिसले की यंत्राला आपली जागा काढता येते. उपग्रह आपली वेळ आणि कक्षा सांगतात. हा संदेश पोहोचायला किती उशीर झाला यावरून अंतर निघतं, आणि घड्याळात सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर 300 मीटर. रेंज गेली की जातो तो नकाशा, तोही आधी उतरवून घेतलेला नसेल तर. वरंध घाटात किंवा माळशेजला अडचण वेगळी असते. कडा निम्मं आकाश खातो आणि उरलेल्या उपग्रहांचे संदेश खडकावर आपटून उशिरा येतात. इस्रोची ‘नाविक’ व्यवस्था इथं उपयोगी पडावी, कारण तिचे उपग्रह आपल्याच भागावर, आकाशात बरेच उंच असतात. पण 2013 मध्ये सोडलेल्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. अजून ही व्यवस्था जीपीएसच्या जोडीदारासारखीच वापरावी लागते.

2 मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, शंभरेक मीटरची. खडकी-बोपोडीच्या पट्ट्यात, जिथं जुना मुंबई रस्ता आणि रेल्वे खेटून जातात, तिथं शंभर मीटर म्हणजे तुम्ही बुलेटवर आहात की लोकलमध्ये हेही ठरेना. आता चूक चारपाच मीटरवर आली आहे. पण तेवढीही पुरते, हे याच रस्त्याने मुंबईकडे निघालं की कळतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, आणि त्यावर मोटरसायकलला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. महाराष्ट्रातले सगळे झगमगीत रस्ते दुचाकीला परके आहेत. परदेशी जुन्या यंत्राला हे ठाऊक नसतं. ते तुम्हाला बिनदिक्कत मोटार समजून देहूरोडच्या पुढे द्रुतगती मार्गावर चढायला सांगतं. गूगलच्या नकाशात दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर 2017 मध्ये आला आणि तो पहिल्यांदा भारतातच आला, यात आश्चर्य काही नाही. जुन्या यंत्रात ‘टोल टाळा’ हा पर्याय निवडून काम भागतं, पण तो चांगल्या जुन्या महामार्गावरचे टोलही टाळतो आणि तुम्हाला कुठल्यातरी वाडीच्या गोठ्यामागून फिरवून आणतो. खंडाळ्याखाली तर घाटात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एक होतात, मग पुन्हा फुटतात. चारपाच मीटरच्या चुकीत तिथं यंत्र डावं-उजवं विसरतं. फाट्याच्या अलीकडे वेग कमी करून पाट्या वाचणं, हाच उपाय.

याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना बोरघाटातून वाट दाखवणारा धनगर तो, अशी कथा सांगतात, आणि काम झाल्यावर त्यालाच त्यांनी मारलं अशीही. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये खुला केला, घाटातून रेल्वे 1863 मध्ये गेली. कथेतला शिंग्रोबा यांपैकी कुठल्या वाटेचा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. वाहनचालक अजून तिथं नाणं टाकतात. वाटाड्याला मोबदला देण्याची ही पद्धत मला आवडते, निदान त्यात मासिक वर्गणी नाही.

जागा कळली म्हणजे जमीन कळली असं नव्हे, याचा दाखला खडकीतच घडून गेलाय. 5 नोव्हेंबर 1817 ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचं घोडदळ गणेशखिंडीच्या बाजूने इंग्रजांच्या फळीवर चालून गेलं, पेशवा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. मैदान पुण्याचं, घोडी इथल्याच पाण्यावर वाढलेली. पण इंग्रजांच्या डाव्या अंगासमोर खोल दलदल होती आणि भरधाव आलेले घोडे तीत कोसळले. शत्रू कुठं आहे हे प्रत्येक स्वाराला दिसत होतं. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मोबाइलच्या नकाशावरून जात होती; पूल नकाशात होता, प्रत्यक्षात धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता, आणि चालक बुडून मेला. गावातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असलेली गोष्ट उपग्रहाला ठाऊक नव्हती. जुन्या गाडीवरचा माणूस तसाही चहाला, पेट्रोलला, प्लग साफ करायला थांबतच असतो. दर थांब्याला पुढच्या रस्त्याची चौकशी करायला अर्धं मिनिट लागतं, आणि टपरीवरच्या बाकावर बसलेल्या मंडळींना ती केलेली आवडते.

कायद्याचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. होल्डर असला तरी चालत्या गाडीवर पत्ता टाइप करणं हा गुन्हाच समजावा. आवाजी सूचना हेल्मेटमध्ये ऐकायच्या तर आधी हेल्मेट घालावं लागतं, आणि हा विषय पुण्यात काढला की लेख भलतीकडे जातो.

होल्डर कुठं लावावा? बरेच जण हँडलच्या मधोमध लावतात आणि अँपिअर मीटर झाकून टाकतात. डाव्या मुठीच्या आतल्या बाजूला, क्लचच्या दांड्याला लागणार नाही असा, नजरेला खाली फार झुकावं लागणार नाही इतक्या उंचीवर लावावा. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2020 मध्ये मीटिऑरवर ‘ट्रिपर’ नावाची छोटी गोल तबकडी दिली, तिच्यात फक्त बाण आणि अंतर दिसतं. जुने बुलेटवाले तिला हसले. मला ती आजवरची सगळ्यात समजूतदार रचना वाटते, कारण चालत्या मोटरसायकलवर माणसाला याहून जास्त वाचता येत नाही. तिच्यासाठी जुन्या डूमला भोक पाडायला मात्र जाऊ नये. जुने, अस्सल पत्र्याचे डूम आता मिळत नाहीत. चार्जर टूलबॉक्समध्ये, वायर टाकीखालून, होल्डर क्लँपवर.

आठवड्यांचा तो आकडा पुन्हा शून्यावर येणार आहे नोव्हेंबर 2038 मध्ये. तोवर या गाड्यांवर कितवं यंत्र बसलेलं असेल कोण जाणे. क्लँपचे नटबोल्ट तेवढे स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे घेतले तर दुसऱ्या पावसाळ्यात गंजून बसतात आणि काढताना हँडलचं क्रोम निघतं.